बिनतिथीचं कॅलेंडर

‘किंगफिशर कॅलेंडर’ची पत उतरली, कारण समाज शहाणा झाला आणि लोक स्त्रीदेहाच्या बाजाराला विटले, असं हल्ली ठासून सांगितलं जातं. मला हे मान्य नाही. २००३ साली हे कॅलेंडर सुरू झालं. अतुल कासबेकरांनी वर्षानुवर्षं त्यासाठी छायाचित्रं काढली, कतरिना कैफ आणि दीपिका पदुकोण त्याच्या पानांवर दिसल्या. त्या काळातही आक्षेप घेणारे होतेच, पण त्यांचा सगळा हिशोब अंगावरच्या कपड्यांचा. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या मुखपृष्ठांकडेही आपण याच नजरेनं पाहिलं. मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांच्या १९९५च्या बुटांच्या जाहिरातीवरचा अश्लीलतेचा खटला तर २००९पर्यंत रेंगाळला आणि शेवटी सगळे निर्दोष सुटले. इतकी वर्षं आपण कापड मोजत राहिलो. पानावर नाव कोणाचं आहे आणि ते तिथे कशासाठी आहे, हे विचारायचं राहूनच गेलं.

ते नाव बिअरचं होतं. २०००च्या सुमारास केबल टीव्हीच्या नियमांनी दारूच्या जाहिरातींना मज्जाव केला आणि दारूची नावं सोडा, पाणी, सोहळे अशा वाटांनी घरात येऊ लागली. कॅलेंडर ही त्यातलीच एक वाट. यावर १९६४पासून निघणाऱ्या ‘पिरेली’ या टायर कंपनीच्या कॅलेंडरचा दाखला हमखास दिला जातो: तेही दुकानात विकत मिळत नाही, निवडक लोकांनाच भेट जातं, आणि थोर छायाचित्रकारांनी त्याला कलेचा दर्जा मिळवून दिला. दाखला खरा, पण तो इथे लागू पडत नाही. टायरची उघड जाहिरात करायला पिरेलीला कोणी अडवलेलं नव्हतं. आपल्याकडे मात्र चित्राला मालाच्या जागी उभं राहायचं होतं.

म्हणजे चित्रं निर्दोष, दोष मालकाचा, अशी वाटणी करून मोकळं व्हावंसं वाटतं. इथवर मीही तीच करत आलो. त्या मुलींच्या बाबतीत ती मी आजही सोडणार नाही; त्यांनी आपलं काम केलं. पण कॅलेंडरला ही सूट देता येत नाही. बिअरचे मालक विजय मल्ल्यांच्या त्याच नावाच्या विमान कंपनीला कर्ज देताना बँकांनी तिचं नावच तारण म्हणून धरलं होतं, आणि त्या नावाचं मोल ४,००० कोटींच्या वर लावलं गेलं होतं. एप्रिल २०१६मध्ये त्याच नावाचा लिलाव ३६६.७० कोटींच्या राखीव किमतीला पुकारला, तेव्हा एकही बोली लागली नाही. नावाला ही झळाळी कुठून आली? जी चित्रं ऐश्वर्य दाखवतात, ती पाहणाऱ्याला मालकाच्या ऐपतीची ग्वाही देत असतात. ऑक्टोबर २०१२मध्ये विमानं थांबली, कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्महिने थकले होते, तरी २०१३चं कॅलेंडर निघालं. छायाचित्रांची जात तीच होती. त्यांनी दिलेली ग्वाही तेवढी खोटी ठरली, आणि कॅलेंडरची पत उतरली ती इथे. आश्रयदात्याचं कर्ज चित्राच्या माथी का मारता, राजा रविवर्म्यालाही संस्थानिकांनीच पोसलं ना, असं कोणी म्हणेल. पण बडोद्याच्या खजिन्यात किती आहे, हे सांगण्यासाठी रविवर्म्याची दमयंती उभी नव्हती.

दिखाव्याच्या आणि कामाच्या कॅलेंडरातला फरक रायगडच्या किनाऱ्यावर डोळ्यांना दिसतो. मल्ल्यांचं मांडव्याचं समुद्राकाठचं फार्महाऊस ईडीने २०१७मध्ये ताब्यात घेतलं. त्याच किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत भिंतीवर खिळ्याला टांगलेलं साधं कॅलेंडर असतं आणि त्यात आधी पाहिली जाते ती तिथी. तिथीचे पाऊणपट केले की भरतीची ढोबळ वेळ निघते: अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, एकादशीला सव्वाआठ. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. होडी कधी लोटायची, जाळं कधी टाकायचं, हे या हिशोबावर ठरतं. किंगफिशरच्या गुळगुळीत पानांवर समुद्र होता, ओली वाळू होती, फुटणारी लाट होती. ती लाट भरतीची की ओहोटीची, हे मात्र कुठल्याच पानावरून कळत नव्हतं.