ढोबळ घोडे, निव्वळ घोडे

वाणिज्य शाखेची पदवी माणसाला दोनच शब्द जन्मभर पुरतील असे देते: ढोबळ आणि निव्वळ. बाकीचं सगळं शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी गंगेला मिळतं. पण या दोन शब्दांची गाठ मला थेट अमेरिकन मोटारींच्या बॉनेटखाली पडावी, हे मात्र अजब!

1964 सालच्या पाँटिअ‍ॅक जीटीओनंतर अमेरिकेत ‘मसल कार’ नावाच्या गाड्यांची लाट आली. मध्यम आकाराची गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात थोरल्या गाडीचं आठ सिलिंडरांचं धूड बसवायचं, एवढीच त्यामागची अक्कल. 1970 च्या शेव्हेलचं सगळ्यात दांडगं इंजिन तर जाहिरातीत 450 घोड्यांचं होतं.

पण हे घोडे ढोबळ. इंजिन चाचणीच्या चौकटीला आवळायचं. पंखा, अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर सगळं उतरवायचं आणि मग घोडे मोजायचे. म्हणजे लग्नाआधीचा पगार. 1972 च्या मॉडेलांपासून निव्वळ आकडा छापायची पद्धत आली. 1971 मध्ये जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले होते. कॉर्व्हेटमधलं एलटी-1 इंजिन: ढोबळ 330, निव्वळ 275. इंजिन तेच, साल तेच. मग 55 घोडे गेले कुठे? पगारपत्रकात जातात तिथेच. कपातीत.

आज या जुन्या गाड्या जिवापाड जपणारी मंडळी याच घोड्यांच्या पाठीमागे असतात. त्यांचं शास्त्र सोपं आहे. इंजिन म्हणजे हवेचा पंप. जळलेला वायू बाहेर पडल्याशिवाय ताजी हवा आत शिरत नाही. दादरला उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावं, हेच ते. मूळची बिडाची मॅनिफोल्ड चार सिलिंडरांचा धूर एका आखूड बोळात कोंबते. तिच्या जागी हेडर्स घालायचे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लांब नळी, पुढे सगळ्यांचा संगम. एकाचा धूर जाता जाता पुढच्याला ओढून नेतो. मागे दोन रुंद नळ्या, मधे एक जोडनळी. हवा वाढली की कार्ब्युरेटरचे जेट बदलून पेट्रोलही वाढवायचं. कॅमशाफ्ट बदलून व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवले, तर वरच्या वेगात घोडे आणखी वाढतात. मात्र सिग्नलला उभी असलेली गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडते.

इथवर ठीक. मग कुणीतरी कानात सांगतो, ‘‘सायलेन्सर काढूनच टाका की राव!’’ आणि इथे यंत्रशास्त्र संपून नीतिशास्त्र सुरू होतं. सायलेन्सर जे चार-दोन घोडे खातो, ते कुणाचे? मालक म्हणतो, माझे. रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला शेजारी म्हणतो, माझे.

मला शेजाऱ्याचं पटतं. कारण ढोबळ घोडे असतात कुठे? चौकटीला आवळलेल्या इंजिनात. ते 330 घोडे वीतभरही पुढे जात नाहीत. रस्ता असतो तो 275 वाल्याला. दुसऱ्यासाठी खर्च झालेली ताकद ही गमावलेली ताकद मानली, तर आपल्यातला सगळ्यात बलवान माणूस तोच, ज्याला ना घर, ना दार, ना शेजार.

म्हणून काही प्रत्येक कपात पवित्र नसते. कारकुनासारखं विचारावं: ही रक्कम जमा कुणाच्या खाती? अल्टरनेटर दिवे लावतो, पंखा इंजिन थंड ठेवतो, सायलेन्सर शेजाऱ्याला झोप देतो. बिडाची मॅनिफोल्ड मात्र कारखान्याच्या चार पैशांच्या बचतीपलीकडे कुणालाच काही देत नाही. तिला खुशाल उतरवावी.

माणसाचंही तसंच. आईच्या औषधाला, पोरीच्या फीला जाणारे घोडे कपातीत दिसले, तरी ते गाडीलाच जुंपलेले असतात. ‘लोक काय म्हणतील’ ही मात्र अस्सल बिडाची मॅनिफोल्ड. ती सोडवायला कुठला पाना लागतो, हे अजून कुठल्याच मेकॅनिकने मला सांगितलेलं नाही.