दव पडण्यापूर्वी

मृत भाविकांचा दिन होऊन जातो, कबरींवरच्या मेणबत्त्या विझतात, झेंडूच्या माळा सुकू लागतात आणि आमच्या वसईच्या वाड्यांतून वर्षातला सर्वांत शांत काळ सुरू होतो. पाऊस सरलेला असतो, भात घरात आलेले असते, नाताळची लगबग अजून दूर असते. सकाळी केळीच्या पानांवरून दव ठिबकते. दुपारचे ऊन हवेहवेसे वाटते आणि सहा वाजतात न वाजतात तोच काळोख दाटतो. मुले आपापल्या संसाराला लागलेल्या घरांत या दिवसांत नवरा-बायको एकमेकांच्या वाट्याला जरा अधिकच येतात.

अशाच एका कार्तिक-मार्गशीर्षाविषयी मला लिहायचे आहे. मात्र ऋतूचे वर्णन करणे हा हेतू नाही. ज्या घरात चहा वेळेवर मिळतो, ताट वाढले जाते, संध्याकाळची प्रार्थना एकत्र होते, त्या घरात सर्व काही क्षमा झालेले आहे असे धरून चालावे काय, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. तो मला पुस्तकात भेटला नाही. तो माझ्याच अंगणात उभा राहिला.

गोष्ट २०२३ सालची. आमच्या लग्नाला तेव्हा एकेचाळीस वर्षे झाली होती. वाडीत राजेळी केळी आहेत आणि पाऊस गेला की आम्ही घरापुरती सुकेळी करतो. पिकलेली राजेळी सोलून तट्ट्यांवर मांडायची, उन्हात ठेवायची, दुपारी एकेक करून परतायची आणि संध्याकाळी दव पडण्यापूर्वी आत घ्यायची. आठवडाभर हा क्रम चालतो. एखाद्या रात्रीचे दव लागले तरी माल बिघडतो. तट्टी लांब असते. एका टोकाला एकाने आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्याने धरावे लागते. एकेचाळीस वर्षे एक टोक तिच्या हातात आणि एक माझ्या हातात होते.

त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस मी रस्त्यालगतचा अकरा गुंठ्यांचा तुकडा विकायचे ठरवले आणि विसारही घेतला. कारण होते. धाकट्याला घर घ्यायचे होते. वसईत जमिनीच्या मोहाची गोष्ट नवी नाही. १९९० साली वसई-विरारच्या नियोजनासाठी सिडकोची नेमणूक झाली, २००९ साली महानगरपालिका आली आणि या सर्व वर्षांत 'विकायची की राखायची' हा प्रश्न बहुतेक घरांच्या ओट्यावर येऊन बसला. तो तुकडा वडिलोपार्जित होता, सातबारा माझ्या एकट्याच्या नावावर होता. कायद्याने तिच्या सहीची गरज नव्हती. म्हणून मी तिला विचारले नाही. खरे सांगायचे तर ती 'नको' म्हणेल या भीतीने विचारले नाही. त्या तुकड्यातील विहिरीवर १९८६ साली पंप बसवला तेव्हा तिने आपल्या पाटल्या मोडल्या होत्या.

विसार घेतल्यानंतर चार दिवसांनी, सुकेळी परतता परतता, मी तिला सांगितले. तिचा हात थांबला. "आता सांगताय?" एवढेच ती म्हणाली आणि पुढचे केळे तिने परतले.

त्यानंतरचे पाच आठवडे आमच्या घरासारखे शांत घर आळीत नसेल. सकाळी बंबात पाणी तापलेले असे. गवती चहाच्या कपाशेजारी बशीत माझी रक्तदाबाची गोळी ठेवलेली असे. रात्री रोझरीची रहस्ये ती सांगे आणि मी उत्तर देई. वालाच्या शेंगा सोलताना आम्ही शेजारच्या आजारी म्हातारीविषयी बोलत असू, थोरल्याच्या मुलीच्या परीक्षेविषयी बोलत असू. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन मी शाळेत मुलांना शिकवले होते. तेच मी माझ्या सोयीने घरात लावले. तिला पटले, असे मी ठरवून टाकले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दस्त नोंदवायला गेलो. काम लांबले आणि घरी पोहोचेपर्यंत अंधार पडला. अंगणात मांडव रिकामा होता. ती ओट्यावर मनगट चोळत बसली होती. तिने एकटीने एकेक केळे टोपलीत भरून आत नेले होते आणि मग रिकाम्या तट्ट्या ओढत आणून भिंतीला लावल्या होत्या.

"मी येईपर्यंत थांबायचं होतंस," मी म्हणालो.

"दव कुणासाठी थांबत नाही," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, आवाज न चढवता, "आता एकटीनं उचलायची सवय करतेय."

त्या एका वाक्याने माझा पाच आठवड्यांचा हिशेब चुकीचा ठरला. जी शांतता मी क्षमा म्हणून खर्च करीत होतो, ती माझी नव्हतीच.

पुष्कळ दिवस मी विचार करीत राहिलो. मग रोजचा तो चहा, ती गोळी, ती प्रार्थना, हे सारे ढोंग होते काय? तसे म्हणणे तिच्यावर दुसरा अन्याय ठरेल. जर्मनीत जन्मलेल्या विचारवंत हॅना आरेंट यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द ह्यूमन कंडिशन' या ग्रंथात वचन आणि क्षमा या दोन मानवी शक्तींचा शेजारी शेजारी विचार केला आहे. उद्या काय होईल हे आपल्याला ठाऊक नसते, त्यावर वचन हा उपाय आहे. घडून गेले ते परत फिरवता येत नाही, त्यावर क्षमा हा उपाय आहे. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि संसारात आपण नेमकी त्यांचीच गल्लत करतो. ती जे पाळत होती ते वचन होते. आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीप्रमाणे विवाह संस्कारात वधू-वरच एकमेकांना संस्कार देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती स्वीकारतात आणि आशीर्वाद देतात. तिने मला दिलेले ते दान तिने जखम उघडी असतानाही मागे घेतले नाही. पण वचन पाळणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. जो पुरुष पत्नीच्या वचननिष्ठेलाच क्षमा समजतो, तो न मिळालेले दान खिशात टाकतो.

यावर कोणी म्हणेल, भांड्याला भांडे लागायचेच. प्रत्येक गोष्ट उकरून काढली तर संसार कसा व्हायचा? या म्हणण्यात तथ्य आहे. आमटी खारट झाली, बोलणे तिखट झाले, औषध आणायचे राहिले, अशा गोष्टी रोजच्या सहवासात विरघळून जातात आणि त्या तशाच विरघळाव्यात. त्यांची नोंद ठेवणारे घर कचेरी बनेल. परंतु काही गोष्टी निराळ्या असतात. जिथे एकाने दुसऱ्याला मोजलेच नाही, तिथे भांड्याला भांडे लागलेले नसते. तिथे एक भांडे फडताळातून काढून टाकलेले असते. तो घाव सवयीने भरत नाही. सवयीने तो फक्त झाकला जातो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 'आमोरिस लेतित्सिया' या २०१६ सालच्या पत्रात कुटुंबासाठी तीन शब्द सांगितले आहेत : परवानगी मागण्याचा, आभार मानण्याचा आणि क्षमा मागण्याचा. आमच्या पिढीच्या पुरुषांना हे तिन्ही शब्द बाहेर येतात. बँकेत येतात, चर्चच्या आवारात येतात. घराच्या उंबरठ्यावर ते चपलांबरोबर राहतात. मी पहिला शब्द गाळला होता, म्हणून तिसऱ्याची वेळ आली होती. आणि दुसरा तर एकेचाळीस वर्षे राहूनच गेला होता.

आगमनकाळातल्या एका रविवारी मिस्साला बसलो असताना मत्तयच्या शुभवर्तमानातला वेदीचा दाखला मनात आला. अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला प्रभू येशू ते तिथेच ठेवून आधी समेट करायला पाठवतो. त्यातली एक गोष्ट तोवर माझ्या लक्षात आली नव्हती. त्या माणसाच्या मनात कोणाविरुद्ध काही आहे असे तिथे म्हटलेले नाही. दुसऱ्याच्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे. म्हणजे उठून जाण्याची जबाबदारी ज्याने दुखावले त्याच्यावर आहे. दुखावलेल्या माणसाने रोज पान वाढून आपल्याला आठवण करून द्यावी, अशी अपेक्षा तिथे नाही.

नाताळच्या तीन दिवस आधी आम्ही दोघे गोठा मांडत होतो. ताटलीत पेरलेली नाचणी बोटभर उगवली होती. मी तिला म्हणालो, "मी तुला विचारायला हवं होतं. पाटल्या तुझ्या होत्या. मला क्षमा कर."

ती बराच वेळ मेंढरे मांडत राहिली. मग म्हणाली, "माफ केलं असं आज म्हणत नाही. विचारलं असतं तर पोरासाठी मीही हो म्हटलं असतं, कुणास ठाऊक. पण आज बोललात ते बरं केलंत."

मला ते उत्तर लागले, आणि योग्यही वाटले. क्षमा मागितली की ती हातात पडलीच पाहिजे, असा हक्क मागणाऱ्याला नसतो. हक्काने मिळते ती वसुली. जमीन परत येणार नव्हती. दस्त झाला होता. करण्यासारखे जे उरले होते ते केले. पुढच्या उन्हाळ्यात बक्षीसपत्र करून उरलेल्या वाडीत तिचे नाव लावले. सही करून घरी येताना ती म्हणाली, "आता विकायची झाली तर माझी सही लागेल हं." त्या सबंध वर्षात त्या विषयावर ती प्रथमच हसली.

'माफ केलं' हा शब्द तिने आजवर उच्चारलेला नाही आणि मी तो मागत नाही. पण २०२४ च्या नोव्हेंबरात, सुकेळी उन्हात असताना, मी एकदा पारनाक्याला निघालो होतो. ती ओट्यावरून म्हणाली, "अहो, पाचच्या आत या. तट्ट्या उचलायच्यात."

मी साडेचारलाच परतलो.