सूर्यही दरवर्षी मूळ नक्षत्रात जातो



डिसेंबर आला की एक मेसेज ग्रुपांवर फिरू लागतो. पृथ्वी, सूर्य आणि आकाशगंगेचा मध्य एका रेषेत येणार, मोठा योग आहे, अमुक करा, तमुक टाळा. मग घरात विचारणा सुरू होते, "खरं आहे का हो हे? काही करायला हवं का?" या साध्या विचारण्यामागे एक जुना प्रश्न आहे. आपल्या बऱ्यावाईटाचा हिशेब आकाशाकडे किती द्यायचा आणि स्वतःकडे किती ठेवायचा?

*आधी, घडतं काय?*

तुळशीला प्रदक्षिणा घालताना लांबवर एखाद्या देवळाचा कळस दिसत असतो. प्रत्येक फेरीत एकदा वृंदावन तुमच्या आणि कळसाच्या मधे येतं. तुळस हलली नाही, कळस हलला नाही. तुम्ही फिरत होता म्हणून ते घडलं. पृथ्वी सूर्याला वर्षातून एक प्रदक्षिणा घालते. त्या फेरीत १८-१९ डिसेंबरच्या सुमारास सूर्य आपल्या आणि आकाशगंगेच्या मध्याच्या मधे येतो. हे दरवर्षी होतं. तुमच्या जन्माच्या वर्षी झालं, आजोबांच्या जन्माच्या वर्षीही झालं.

तेही तंतोतंत एका रेषेत नाही. सूर्य त्या मध्यापासून सुमारे साडेपाच अंश बाजूने जातो. अकरा पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी जागा लागेल, तेवढी ही फट.

हा मध्य आपल्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत येतो, तिथला यायला २६ हजार वर्षं लागतात. तिथे सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे. त्याच्या शोधासाठी आंद्रेया गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल यांना २०२० चं नोबेल मिळालं आणि २०२२ मध्ये त्याचं पहिलं चित्र जगासमोर आलं. वजन ऐकून छाती दडपते खरी. पण ते इतकं लांब आहे की त्याची पृथ्वीवरची ओढ सूर्याच्या ओढीच्या पन्नास हजार कोटीव्या हिश्श्याहूनही कमी भरते. आणि जी काही आहे ती जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये सारखीच. सूर्य मधे आला म्हणून ती वाढत नाही.

*भीती मात्र खरी असते*

फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत अष्टग्रही जमली होती. घरातल्या ज्येष्ठांना विचारा, पुष्कळांना आठवत असेल. जगबुडीच्या भीतीनं देशभर यज्ञ झाले. ते दिवस आले आणि गेले. २१ डिसेंबर २०१२ ला माया लोकांच्या कालगणनेतलं एक मोठं आवर्तन संपलं, त्याला आकाशगंगेच्या रेषेची जोड देऊन पुन्हा तीच हूल उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला नेहमीच्या वेळी आला.

अशी भीती दोन दिवसांत ओसरते. पण आकाशाच्या नावाची एक भीती आपल्या घरांत कायमची बसली आहे, आणि तिची किंमत माणसं मोजतात.

आकाशगंगेचा हा मध्य पंचांगाच्या हिशेबात येतो धनु राशीच्या सुरुवातीला, म्हणजे *मूळ नक्षत्रात*. विंचवाच्या नांगीचे तारे ते मूळ. साधारण १६ ते २८ डिसेंबर सूर्य याच नक्षत्रात असतो. आणि आपल्याकडे काय म्हणतात? मूळवर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट. पत्रिका आली की आधी नक्षत्र बघायचं. मुलगी शिकलेली, स्वभावानं गोड, घर चांगलं, सगळं जमलेलं असतं आणि एका शब्दावर स्थळ परत जातं. कारण स्पष्ट सांगतही नाहीत. "योग नाही," एवढंच. त्या मुलीनं काय केलं? जन्म घेतला.

जरा हिशेब करू. जन्मनक्षत्र म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र ज्यात असतो ते. चंद्र सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो, प्रत्येकात साधारण एक दिवस. म्हणजे सत्तावीस जणांत सरासरी एक जण मूळवरचा. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये असा कुणीतरी असण्याची बरीच शक्यता आहे. तुमच्या घरातल्या त्या व्यक्तीकडे बघा. तिनं कुणाचं काय वाईट केलं?

कुणी म्हणेल, "जुनी माणसं सांगत आली, शांत करून घेतली तर बिघडलं काय?" बिघडलं काहीच नाही. बाळासाठी देवापुढे हात जोडणं कधीच चूक नाही. पण शांत झाल्यावरही तिला आयुष्यभर 'मूळवरची' म्हणत राहिलो, तर शांत कुणाची झाली? बाळाच्या नक्षत्राची झाली असेल, आपल्या मनाची राहूनच गेली. आणि घरातल्या आजारपणाचं खापर आपण सुनेच्या नक्षत्रावर फोडतो, तेव्हा वेळेवर डॉक्टरकडे न नेण्याची आपली जबाबदारी गुपचूप सुटते. आकाशाला दोष दिला की ते उलटून बोलत नाही, हीच त्यातली सोय आहे.

दुसरी बाजूही बघावी. वाईटाचा दोष आकाशाला, तसंच चांगल्याची वाटही आकाशाकडे. "योग आला की भावाशी बोलेन," "पुढच्या वर्षी ग्रह बदलले की साधना सुरू करीन." मुहूर्त हा चार माणसं एका वेळी जमावीत, मन एकाग्र व्हावं यासाठी आहे, तेवढ्यापुरता तो मोलाचा. पण भावाची क्षमा मागायला कुठला मुहूर्त लागतो?

म्हणून एखादी समजूत ठेवावी की सोडावी, हे ठरवायला एक साधी कसोटी घरात वापरून पाहा. *तिच्यामुळे मी माणसांशी अधिक मायेनं वागतो का?* वागत असेन तर ठेवावी. माणूस दूर लोटला जात असेल, तर ती धर्माची बाजू नव्हे.

सूर्य धनु राशीत असतो तेव्हा आपल्याकडे धुंधुरमास असतो. पहाटे उठून सूर्योदयाला नैवेद्य, मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी. यंदा त्या दिवसांत, २८ डिसेंबरच्या आत, एक पहाट ठरवा. ज्या सुनेला, भाचीला, पुतणीला नक्षत्रावरून कधी कुणी टोचून बोललं असेल, तिला मानानं बोलवा आणि पहिलं ताट तिच्यापुढे ठेवा. पूर्वेला उगवणारा सूर्यही त्या वेळी मूळ नक्षत्रातच असेल. त्याला आपण अर्घ्य देतोच की.

शुभं भवतु. 🙏

_(घरातल्या ज्येष्ठांना हा लेख वाचून दाखवावा, ही विनंती.)_