रात्रीचा घास आणि पहाटेचे स्वप्न

आमच्या शिरोड्याकडे कुणी सकाळी आपले स्वप्न सांगू लागले, की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न स्वप्नाविषयी नसतो, जेवणाविषयी असतो. ‘रातीक काय खाल्लंस?’ बरक्या फणसाचे चार गरे जास्त झाले होते, किंवा बांगड्याचे तिखले जरा झणझणीत उतरले होते, असे काही निघाले की स्वप्नाचा निकाल तिथल्या तिथे लागतो. सांगणारा ओशाळून गप्प बसतो. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण तोंडपाठ असलेली माणसेच दुसऱ्याच्या स्वप्नाचे खापर पोटावर फोडतात, हे मला नेहमीच नवलाचे वाटत आले आहे.

पोटावरचा हा आरोप तसा पुरातन आहे. चरकाने स्वप्नांचे सात प्रकार मानले. पाहिलेल्याचे, ऐकलेल्याचे, अनुभवलेल्याचे, इच्छिलेल्याचे, कल्पिलेल्याचे, पुढे घडणाऱ्याचे, आणि शेवटचे दोषज, म्हणजे शरीरातील वातपित्तकफांच्या बिघाडाने पडणारे. सातांपैकी एकच काय तो देहाच्या वाट्याला आला! पण घरोघरच्या वैद्यांनी बाकीचे सहा केव्हाच रद्द करून टाकले. इंग्रजीतल्या डिकन्सचा कंजूष स्क्रूजही याच पंथाचा. 1843 सालच्या त्या कथेत मेलेल्या भागीदाराचे भूत पुढ्यात उभे राहते, तेव्हा तो त्याला तोंडावर सुनावतो, की तू म्हणजे माझ्या पोटात न जिरलेला मांसाचा तुकडा असशील. भुताला जे सांगायचे होते ते त्याला ऐकायचे नव्हते, हे त्यामागचे खरे कारण.

आजचे शास्त्र काय म्हणते ते पाहावे. 1953 मध्ये शिकागोच्या दोघा संशोधकांनी दाखवून दिले, की झोपेत ठरावीक अंतराने मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलू लागतात, आणि त्या वेळी उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. ही अवस्था रात्रीतून चारपाच वेळा येते; कुळथाची पिठी नि भात खाऊन निजलेल्यालाही येते. जड, तिखट जेवण करून लगेच आडवे झाले, की आम्ल वर चढते, छातीत जळजळते, झोप मोडते. संध्याकाळच्या चहाकॉफीतले उत्तेजक द्रव्य पाच तासांनंतरही निम्मे अंगात असते. मोडलेल्या झोपेत माणूस ऐन स्वप्नात जागा होतो, म्हणून ते त्याला आठवते. आमच्याकडे जत्रेत दशावतारी नाटक रात्रभर चालते. डाराडूर झोपलेल्याला पहाटे विचारा, तो म्हणेल काही झालेच नाही. मध्येच दचकून उठलेला मात्र राक्षस पाहिल्याचे शपथेवर सांगेल. राक्षस काही त्याच्या जागे होण्याने आला नव्हता. थोडक्यात, स्वयंपाकघर प्रेक्षकाला उठवते. नाटक लिहिते की नाही, याचा पुरावा फार तुटपुंजा आहे. 2015 मध्ये कॅनडातील दोघा मानसशास्त्रज्ञांनी सुमारे चारशे विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा शंभरात अठरांनी स्वप्नांचा दोष अन्नाला दिला, आणि त्यांतही दूधदुभत्याला सर्वांत जास्त. रात्री दही खाऊ नये म्हणणाऱ्या आमच्या आज्यांना हे ऐकून बरे वाटेल. पण दोष देणे वेगळे आणि दोष असणे वेगळे.

खरा प्रश्न पुढेच आहे. स्वप्न जर पोटाचे, तर त्याची जबाबदारी कुणाची? प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या नवव्या भागात म्हटले आहे, की खाऊनपिऊन सुस्तावलेल्या माणसातला पशू झोपेत मोकाट सुटतो, तेव्हा निजण्यापूर्वी वासनेला उपाशीही ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. गीतेचा सहावा अध्याय याहून फार निराळे सांगत नाही. दोघेही स्वप्नाचा जाब विचारत नाहीत, आदल्या संध्याकाळचा विचारतात. हे मला पटते. आपल्याकडचा हरिश्चंद्र मात्र याच्याही पुढे गेला. लोकांत सांगतात त्या कथेत त्याने स्वप्नात राज्य दिले आणि सकाळी ते खरोखरच देऊन टाकले. ‘काल जेवण जरा जड झाले होते, मुनिवर्य,’ असे म्हणण्याची सोय त्यालाही होती! आपण सामान्य माणसे ती सोय वापरतो, पण सोयीपुरतीच. स्वप्नात पांडुरंग दिसला तर त्याचे श्रेय कुणी आदल्या रात्रीच्या सोलकढीला देत नाही.

आणि ही सोय घरात सर्वांना सारखी लागू होत नाही. घरातल्या कर्त्याला वाईट स्वप्न पडले, तर देवळात कौल लावण्यापर्यंत गोष्ट जाते. मुलगा मुंबईला असलेल्या म्हातारीने तो पाण्यात उभा दिसल्याचे सांगितले, तर तिला ओवा चावायला मिळतो. सून झोपेत रडली, तर बोलणे दह्यावर येऊन थांबते. तिला काय दिसले, हे कोणी विचारीत नाही. पचनाचे कारण एकदा सापडले, की ऐकण्याचे कष्ट वाचतात.

त्यातही गंमत अशी, की सुनेच्या बाबतीत ते कारण पुष्कळदा खरेच असते. संध्याकाळी काय खावे, ही निवड ज्याच्या हाती असते त्याच्यासाठीच प्लेटोचा उपदेश आहे. कितीतरी घरांत अजूनही पुरुष आधी जेवतात, मग मुले, मग सासू. ती शेवटी, रात्री दहाच्या पुढे, तळाचा भात आणि उरलेले तिखट कालवण घेऊन बसते. भांडी घासते, ओटा पुसते आणि तशीच अंथरुणावर पडते, कारण पहाटे पाचला उठायचे असते. झोप मोडायला लागतात त्या सगळ्या गोष्टी तिच्या ताटात दुसऱ्यांनी वाढून ठेवलेल्या असतात. तेव्हा सकाळी कुणी तिला ‘रातीक काय खाल्लंस?’ असे विचारले, तर त्याचे नेमके उत्तर तिच्यापाशी असते. ‘तुम्ही उरवलंत ता. आणि तुम्ही सगळी निजल्यार.’