श्रद्धा असताना वेगळ्या विचारांचे पुस्तक वाचावे का?

इंदूर, बडोदे किंवा हैदराबादला राहणाऱ्या मराठी माणसाला पुस्तकावर बोलण्यासाठी आता सोबत शोधत फिरावे लागत नाही. ठरलेल्या दिवशी मोबाइलवर लिंक उघडली की ऑनलाइन वाचनकट्ट्यात बसता येते. महिन्याला एक पुस्तक ठरते. कधी उपनिषद, कधी कादंबरी, तर कधी एखाद्या पाश्चात्त्य विचारवंताचा निबंध. आपल्यातील अनेक तरुण साधकांना अशा गटात जावेसे वाटते, पण एका प्रश्नाशी ते थांबतात. गटात ईश्वर न मानणारेही असतात. साधना सुरू असताना, आपल्या श्रद्धेलाच प्रश्न विचारणारे पुस्तक त्यांच्याबरोबर वाचावे का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रोपट्याला कुंपण हवे, असे आपण नेहमी ऐकतो आणि ते खरेच आहे. पण कुंपण कशाचे असावे? रोजचे ध्यान, नियमित स्वाध्याय, सेवा आणि सत्संग हे कुंपण आहे. दुसरा काय म्हणतो हे कानावरच पडू न देणे म्हणजे कुंपण नव्हे. त्याने रोपट्याचे ऊनही अडते.

परंपरेने काय केले?

चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या नावे असलेला ‘सर्वदर्शनसंग्रह’ हा ग्रंथ पाहा. त्यात भारतातील वेगवेगळी दर्शने एकेक करून मांडली आहेत आणि सुरुवात होते ती चार्वाकांपासून. चार्वाक आत्मा मानत नाहीत, परलोक मानत नाहीत, वेदांचे प्रामाण्यही मानत नाहीत. ग्रंथकार स्वतः वेदान्ती. तरीही चार्वाकांचे म्हणणे त्यांनी युक्तिवादासह नीट मांडले. चार्वाकांचे स्वतःचे बहुतेक ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांचे मत जाणून घ्यायचे तर अभ्यासकांना ज्या ग्रंथांकडे वळावे लागते, त्यांत हा एक प्रमुख आहे. विरोधकाचा विचार ज्याने जपला, तो त्याच्याशी सहमत नव्हता!

यालाच ‘पूर्वपक्ष’ म्हणतात. आधी समोरच्याचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडायचे, मग आपला सिद्धान्त सांगायचा. आद्य शंकराचार्यांच्या भाष्यांतही पानोपानी हीच रीत दिसते. पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याचे खंडन सोपे जाते, पण त्यातून आपला सिद्धान्त खरा आहे की नाही हे कळत नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, म्हणून माझ्या विषयातले एक उदाहरण देतो. जो हिशेब लिहितो, त्यानेच तो तपासायचा नसतो. लेखापरीक्षक बाहेरचा असतो. त्याने प्रश्न विचारला म्हणून व्यवहार खोटा ठरत नाही. उत्तर देता आले तर त्यावरचा विश्वास वाढतोच. आपल्या समजुतींनाही अधूनमधून अशी बाहेरची नजर लागते.

चर्चेचे तीन प्रकार

न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य कळावे म्हणून जो होतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचे खोडत राहणे म्हणजे वितंडा. आज आपण ‘वाद’ हा शब्द भांडणासाठी वापरतो, हे दुर्दैव आहे. मूळ अर्थाने वाद हे दोघांनी मिळून केलेले शोधकार्य आहे. पुस्तक कोणते आहे यापेक्षा गटात या तिघांपैकी काय चालते, हे साधकाने आधी पाहावे. जिथे फक्त जल्प आणि वितंडा चालते, तिथून नम्रपणे निघून यावे.

आणखी एक सूक्ष्म मोह आहे आणि तो आपल्यासारख्यांनाच अधिक होतो. समजा, गटात आल्बेर काम्यू यांचा 1942 साली प्रसिद्ध झालेला सिसिफसवरचा निबंध घेतला आहे. ग्रीक पुराणातला सिसिफस शिक्षा म्हणून एक शिळा डोंगरावर ढकलत नेतो. ती खाली घरंगळते. तो पुन्हा सुरुवात करतो. हे ऐकताच आपण पटकन म्हणतो, “हा तर आपला निष्काम कर्मयोगच!” आपल्याला वाटते, आपण किती उदार. पण काम्यूंच्या सिसिफसला ईश्वरार्पणाचा आधार नाही आणि तो त्यांना द्यायचाही नाही. गीतेतला कर्मयोगी कर्म ईश्वराला अर्पण करतो. हा फरक पुसून टाकला तर काम्यूही समजले नाहीत आणि गीताही. दुसऱ्याला घाईने ‘आपल्यातलाच’ ठरवणे हीसुद्धा त्याचे न ऐकण्याचीच एक तऱ्हा आहे.

भाषांतराची सेवा करताना ही शिस्त रोज अंगी बाणवावी लागते. लेखकाचे वाक्य आपल्याला पटो वा न पटो, त्यात आपले मत मिसळण्याचा अधिकार भाषांतर करणाऱ्याला नाही. आधी ते वाक्य त्याचे म्हणून समजून घ्यायचे. वाचनकट्ट्यात बसणाऱ्यानेही तेच करायचे असते.

ऐकणाऱ्याचे काम

1932 साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे. बोलणारे थोर होतेच. पण कुणीतरी तितक्याच तन्मयतेने ऐकले नसते, तर ते शब्द तिथेच विरून गेले असते. म्हणून गटात कमी बोलणाऱ्याने आपण काहीच करत नाही असे मानू नये. कॅमेरा बंद करून दुसरे काम करत बसणे आणि शांतपणे ऐकणे यांत मात्र फरक आहे, आणि तो आपला आपल्यालाच ठाऊक असतो.

तेव्हा अशा गटात जरूर जावे, पण काही नियम बांधून. साधनेची वेळ मोडू नये. सारांश वाचून नव्हे, पुस्तक वाचून बसावे. उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे आणि विचारावे, “मला बरोबर समजले ना?” त्याने “हो, असेच” म्हटल्यावरच आपले मत मांडावे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी सुचले नाही तर तो प्रश्न घेऊन उठावे. त्याला मननात जागा द्यावी, आपल्या मार्गदर्शकांना विचारावा. प्रश्न सोबत असतानाही दुसऱ्या दिवशी पहाटे आपण आसनावर बसतो, तेव्हा आपली श्रद्धा किती खोल रुजली आहे हे आपल्यालाच कळते.