सहल सोड, तलाव धर

साकोली

चि. सायलीस,


फोनवर सगळं बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो. फील्ड प्रोजेक्टच्या दोन क्रेडिटसाठी तुझ्या वर्गातली मुलं मे महिन्यात पचमढीला निघालीत आणि तुलाही जायचंय. खुशाल जा, मजा कर. क्रेडिटसाठी मात्र आपल्या गावचा मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव धर.

संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि शिवारातल्या कामालाही क्रेडिट मिळू लागलं. एका क्रेडिटला साधारण 30 तासांचं काम धरतात, म्हणजे तुला 60 तास भरायचेत. धूपगडचा सूर्यास्त, फोटो, जेवणं आणि गाडीतल्या डुलक्या वजा केल्यावर त्या सहलीत किती तास उरतील, हिशेब तूच कर. असे अहवाल मी नोकरीत पुष्कळ वाचलेत. पहिल्या पानावर गटाचा फोटो आणि आत इंटरनेटवरून उतरवलेली वनस्पतींची यादी!

कोका किंवा नागझिऱ्याचं मनात असेल तर तेही सोड. अभयारण्यात अभ्यास करायला वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ती मिळेस्तोवर तुझी सुट्टी सरेल. तलावाला फार तर ग्रामपंचायत आणि मच्छीमार संस्थेला विचारावं लागेल. ते नाही म्हणणार नाहीत.

आणि काम उन्हाळ्यातच कर. पावसाळ्यात नुसतं पाणी दिसतं. मे महिन्यात तलाव आटतो तेव्हा पाळीचा उतार, पाणी सोडायचं तुडूम, साचलेला गाळ, काठाला माजलेली बेशरमाची झुडपं, सगळं उघडं पडतं. कोहळी समाजाने हे तलाव बांधले ते धानाच्या पाण्यासाठी. 1950 नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांच्या डागडुजीचं धनीपण कुणाकडेच उरलं नाही. तुझ्या तलावाचं काय झालं ते म्हाताऱ्यांना विचार आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घे.

आता विज्ञानाचं. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोज, पण तो कधी मोजायचा हे नीट समजून घे. दिवसा पाणवनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री सगळेच तो वापरतात. म्हणून पहाटे तो सगळ्यांत कमी भरतो, दुपारी जास्त. सकाळी दहाला एक बाटली भरून आणली आणि 'तलावाचा प्राणवायू अमुक' असं लिहिलं, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. एक नमुना उजाडायच्या आत घे, दुसरा दुपारी तीनला. दोन्हींसोबत वेळ आणि पाण्याचं तापमान लिहायचंच, कारण 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना 7 च्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात उथळ पाणी किती तापतं, ते पाय बुडवून पाहा.

बाटली तशीच कॉलेजात नेऊ नकोस, वाटेत प्राणवायू बदलतो. विंकलर पद्धतीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड काठावरच घालायचं. तपकिरी साका बसला म्हणजे प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याला ज्याच्या खाणी आहेत, तेच हे मँगनीज. परीक्षकाने तोंडी परीक्षेत विचारलं तर हे सांग, खूश होईल.

पहाटेच्या नमुन्यासाठी मासेमार ढिवरांच्या डोंग्यातून जा. गाळात एकटीने उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. कोणत्या वनस्पतीत कोणती मासोळी अंडी घालते, बाहेरून बीज आणून सोडायला लागल्यापासून कोणती दिसेनाशी झाली, हे ढिवरांना ठाऊक आहे. उन्हाळी धानाला पाणी सोडावं की मासोळीसाठी राखावं, यावरून शेतकरी आणि ढिवरांची कुरबूर असते. दोघांचं ऐक, निवाडा करायला जाऊ नकोस. सारस दिसला तर दुरूनच वेळ, जागा आणि संख्या टिपून घे. भंडाऱ्यात ते बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. त्याच्या मागे कॅमेरा घेऊन धावलीस तर मला सांगूही नकोस.

उन्हाचं वेगळं सांगायला नको. पारा 45 च्या पुढे जातो. दुपारचा नमुना दहा मिनिटांत उरकायचा आणि पाळीवरच्या झाडाखाली परत यायचं.

वहीत रोज सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिही, मार्गदर्शकांची सही दर आठवड्याला घे. शेवटी एकदम सह्या मागणाऱ्यांची वही कशी भरली जाते, हे प्राध्यापकांना कळत नाही असं समजू नकोस. अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला दे. लोक जैवविविधता नोंदवहीत तलावाचं पान बहुधा कोरंच असतं.

विषय, तलावाचं नाव, तासांची आखणी आणि मार्गदर्शकाचं नाव घालून अर्ज परीक्षेआधीच विभागप्रमुखांकडे दे. मंजुरी नसताना केलेले तास बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. मृग 7-8 जूनला लागतो. तोवर तुझी मोजणी संपलेली हवी.

तुझा,
काका