सामिलीकरणाच्या अटी आणि वचनाचे नीतिशास्त्र

राष्ट्रांचा संघ असो वा प्रांतांचे एकीकरण, स्थापनेच्या दस्तऐवजात दोन प्रकारची वाक्ये आढळतात : कोणी यावे हे सांगणारी आणि आल्यावर काय मिळेल हे सांगणारी. पहिली वाक्ये प्रवेशाच्या क्षणी कृतार्थ होतात. दुसरी त्या क्षणापासून कार्यप्रवण व्हावयाची असतात. प्रवेश पूर्ण झाल्यावर या दुसऱ्या वाक्यांचे बळ कशात उरते, हा प्रश्न कायद्याचा आहे, त्याहून अधिक नीतीचा आणि अर्थनिर्णयाचा आहे.

१९२० साली अस्तित्वात आलेल्या राष्ट्रसंघाच्या करारनाम्यात सदस्य स्वयंशासित असावा अशी अट होती. परतंत्र भारत तरीही संस्थापक सदस्य ठरला. म्हणजे अटीचा अर्थ अट घालणाऱ्याच्या सोयीने ठरला. मात्र त्या करारनाम्यात दोन वर्षांची पूर्वसूचना देऊन बाहेर पडण्याची तरतूद होती. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत सदस्याच्या हकालपट्टीचे कलम आहे, स्वेच्छेने निघून जाण्याचे नाही. ज्या संघातून निघता येते तेथे अटी पाळल्या जाण्यामागे सदस्य गमावण्याची भीती असते. ज्यातून निघता येत नाही तेथे केवळ वचनच शिल्लक राहते.

या दृष्टीने यवतमाळ जिल्ह्यातील महागावचे उदाहरण बोलके आहे. पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख वऱ्हाडचा. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०२ मध्ये निजामाने तो वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने दिला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महागावच्या शेतकऱ्याने बांध ओलांडला नाही, तरी त्याचे सदस्यत्व पुनःपुन्हा बदलत गेले. यांतील पट्टा हा जमिनीचा व्यवहार होता; त्यात वचन असलेच तर ते निजामाला होते, रयतेला नव्हे.

२८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार या परंपरेत वेगळा ठरतो. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख प्रभृतींच्या स्वाक्षऱ्यांच्या या करारात प्रदेशाला वचन दिले गेले : नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ, वर्षातून विधिमंडळाचे एक अधिवेशन, निधी आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस करूनही विदर्भ आला, तो या वचनाच्या सोबतीने.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. करार पक्षनेत्यांनी केला, राज्यसंस्थेने नव्हे; शिवाय समान नागरिकत्वात प्रदेशपरत्वे विशेष अटी कशा मानाव्यात? पहिल्या मुद्द्याचे उत्तर उच्चाराच्या स्वरूपातच आहे. ऑस्टिनने दाखविल्याप्रमाणे वचन हे वस्तुस्थितीचे वर्णन नसून कृती असते. त्या कृतीवर विसंबून दुसऱ्याने अपरिवर्तनीय पाऊल उचलले असेल, तर वचनाचा लाभ घेणाऱ्या उत्तराधिकाऱ्याला ते आपले नव्हते असे म्हणता येत नाही. दुसरा मुद्दा अधिक कठीण आहे. परंतु समता ही प्रवेशानंतरची स्थिती आहे; विषम स्थितीतून आलेल्याला तेथवर नेण्याची अट समतेच्या विरोधी नाही, तिची पूर्वअट आहे.

खरी अडचण अन्वयार्थाची आहे. काही अपवाद वगळता नागपूरला दरवर्षी अधिवेशन भरते, खंडपीठही आहे. अभिधेच्या पातळीवर वचन पाळले गेले. तात्पर्याच्या पातळीवर काय? मीमांसकांच्या परिभाषेत, विधी म्हणून लिहिलेले वाक्य अर्थवाद म्हणून वाचले गेले : स्तुतीपुरते खरे, आचरणापुरते सैल. १९५६ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३७१(२) मध्येही न्याय्य वाटप 'संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन' आहे. ही एक पुस्ती वाक्याचा सारा भार हलका करू शकते. विकास मंडळे प्रत्यक्षात आली ती १९९४ मध्ये. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष ३,१८६ कोटींहून अधिक असल्याचे मांडले. ते मोजमाप आवश्यकच होते. परंतु त्यामुळे वचनभंग हा हिशेबातील थकबाकी होऊन बसला. थकबाकी फेडता येते. दुर्लक्षिला गेल्याची जाणीव फेडता येत नाही.

याच्या उलट पुरावा महागावच्या शेजारीच आहे. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. म्हणजे सत्तेत वाटा मिळाला नाही असे म्हणता येणार नाही. परंतु एका सदस्याचे उच्चपद हे सर्वांना दिलेल्या वचनाचे पालन नव्हे, आणि वचनभंगाचा दोषही मग केवळ बाहेरच्यांवर टाकता येत नाही. करार जसा घेणाऱ्याला बांधतो, तसा येणाऱ्याच्या प्रतिनिधीलाही बांधतो.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आहे. 'आम्ही'त ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण'मध्ये तो सामावतो. संघाचा करार दोन 'आम्ही'ंमध्ये होतो आणि त्याने 'आपण' घडवावयाचे असते. घडविलेल्या 'आपण'चा आधार घेऊन जुन्या 'आम्ही'ला दिलेला शब्द रद्द करणे, ही सामिलीकरणातील सर्वांत सुलभ अनीती होय. निघून जाण्याची वाट ज्याला नाही, त्याच्या बाबतीत दिलेल्या शब्दाचे ऋण कमी होत नाही, ते वाढते.